सीट चार बोटं वर

सोहारसमोर, नांगरावर
११ ऑगस्ट २०२४

प्रिय रश्मी,

फोनवर आपलं अर्धं बोलणं तुटतं आणि उरलेल्या अर्ध्यावरून भांडण होतं, म्हणून नेहमीप्रमाणे मेलवर पत्र लिहितोय. बातमी चांगली आहे. कंपनीचा मेल आला. माझ्या जागी विश्वास येणार आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझी सुटका. म्हणजे चोवीस डिसेंबरला ओमानच्या डोंगरात आपण दोघं सायकलवर असू. पैसे भरले आहेत, आता मागे फिरणं नाही.

ते डोंगर आत्ता समोरच दिसतायत. भाजून काळपट झालेल्या भाकरीच्या रंगाचे, झाडाचं नाव नाही. पोरगा होतो तेव्हापासून या किनाऱ्याला येतोय. चीफ इंजिनिअर झालो, डोक्यावरचे केस गेले, डोंगर तसेच. दर वेळी वाटतं, एकदा तिकडून, वरून, हा समुद्र बघायचा.

वाट तीन दिवसांची आहे. गाढवांच्या जुन्या पायवाटा, सुटे दगड, कोरड्या नदीतली वाळू आणि सावली कुठेही नाही. पाणी पाठीवर घ्यायचं. जीप संध्याकाळी मुक्कामाला भेटते, दिवसभर आपलं आपण. नियम एकच, एकट्याने जायचं नाही, जोडीने जायचं. तिसऱ्या दिवशी शेवटचा चढ एका खिंडीत जातो आणि तिथून समुद्र दिसतो म्हणतात.

खरं सांगू का, काळजी तुझीच आहे. सिंगापुरात ईस्ट कोस्टच्या सपाट रस्त्यावर कुत्रं बघून गवतात गेलेली बाई तू. रोज थोडी थोडी चालवत जा. चेस्टनटच्या जंगलातली वाट करून बघ, पण सोबत कोणीतरी घे. आणि माझी सायकल पुसून ठेव, तेल दे, मात्र तिच्यावर कोणाला बसू देऊ नकोस. सीटच्या दांडीला मी पांढरी टेप लावली आहे, ती माझ्या उंचीची खूण आहे.

चैत्रालीला सांग, पप्पा जहाजावरच्या जिममध्ये रोज सायकल मारतात. (आठवड्यातून दोनदा मारतो, पण तिला रोज सांग.)

तुझा,
संग्राम


बेडोक
२३ ऑगस्ट २०२४

अहो चीफसाहेब,

कुत्र्याची गोष्ट तुमची कोल्हापुरात सगळ्यांना सांगून झाली आहे, आता ओमानमध्ये नका सांगू.

सोबत घे म्हणालात, घेतली. मंडळाच्या गणपतीच्या तयारीला सारंग म्हणून एक जण भेटले. चोआ चू कांगला राहतात, आयटीत मॅनेजर आहेत, बायको अनुजा पुण्यात कॉलेजात शिकवते. त्यांचा सहा जणांचा सायकलवाल्यांचा ग्रुप आहे, दोघं चिनी अंकल तर साठीच्या पुढचे. मी ओमानचं बोलले आणि पुढच्या रविवारी सगळे म्हणाले, आम्हीही येतो. सारंगनी तर त्या वाटेचा नकाशा छापून आणला. तुम्हाला चालेल ना? जीपचा खर्चही वाटला जाईल.

सारंग म्हणतात, वाळवंटात खरं ओझं पाण्याचं. म्हणून मी लिटिल इंडियातून आणलेली पाच किलो तांदळाची पिशवी पाठीवर बांधून चेस्टनटला जाते. पहिल्या दिवशी पिशवी फुटली. चढावर मागे तांदळाची रेघ आणि ती टिपायला माकडं. सारंग हसून हसून खाली बसले. आता पिशवीला पिशवी घालते.

तुमची सायकल पुसली. चैत्राली म्हणते, "पप्पा, ममा सो स्ट्रॉंग नाऊ, यू बेटर ट्रेन हार्ड लाह."

पुढच्या महिन्यात तुमचं जहाज सामुद्रधुनीतून जाईल ना? कधी ते कळवा. किनाऱ्यावर येऊन हात हलवीन.

तुमची,
रश्मी


दक्षिण चीन समुद्र
१० सप्टेंबर २०२४

रश्मी,

आठ तारखेला आपल्या घरासमोरून गेलो. अकरा वाजता पोचू असं कळवलं होतं, पण वाऱ्याने आणि प्रवाहाने साथ दिली आणि साडेआठलाच बेडोकच्या समोर आलो. इंजिनरूम सेकंड इंजिनिअरवर सोपवली आणि कॅप्टनची दुर्बीण मागून घेऊन वर गेलो. इमारती ओळखू आल्या. आपल्या ब्लॉकवरचा हिरवा पट्टासुद्धा दिसला असं मला वाटलं. घरी फोन लावला. चैत्राली म्हणाली, ममा सारंग अंकलबरोबर उबिन बेटावर गेली.

सणाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सहाला.

मी काही बोलत नाही. फक्त एवढंच म्हणतो की तुझ्या पत्रात माझं नाव नाही, अहो आहे, चीफसाहेब आहे, आणि त्याचं नाव ओळीआड. नकाशा मीही छापू शकलो असतो. जहाजावर प्रिंटर आहे.

संग्राम


बेडोक
१२ सप्टेंबर २०२४

अहो,

अकरा म्हणालात म्हणून उबिनचा फेरा लवकर उरकला. साडेदहाला ईस्ट कोस्टच्या दगडांवर येऊन उभी राहिले, चिखलाने माखलेली, हेल्मेटसकट. एकपर्यंत उभी होते. जाईल त्या प्रत्येक तांबड्या जहाजाला हात केला. दुर्बीण सारंगची होती. शेवटी त्यांनीच फोनवर जहाजांचं ॲप उघडून दाखवलं की तुम्ही केव्हाच पुढे गेलात. मी रडले. हे मी तुम्हाला लिहिणार नव्हते.

आता तुम्ही नावं मोजायला बसलाच आहात तर एक सांगते. चढावर मी मागे पडते. सगळे पुढे जातात. वर पोचल्यावर बघावं तर सारंग एक पाय जमिनीवर टेकवून उभे असतात. काही बोलत नाहीत, पाण्याची बाटली पुढे करतात आणि मी दम खाल्ला की निघतात. बस, एवढंच. मला ते आवडतं. आवडत नाही म्हणून खोटं कशाला सांगू?

लग्नानंतर तुम्ही मला पन्हाळ्याला सायकलने नेलं होतंत, आठवतं? मी घाटात होते आणि तुमची वर पोचून मिसळ खाऊन झाली होती.

परवाचा फोटो पाठवतेय. बघा, आता मी सायकलवर कशी बसते ते.

रश्मी


२९ सप्टेंबर २०२४

रश्मी,

फोटो बघितला. तू छान बसली आहेस, त्याबद्दल वाद नाही. पण तुझ्या मागे निळा शर्ट घालून जो उंच माणूस उभा आहे, त्याच्या हातातली सायकल माझी आहे.

नाही म्हणू नकोस. मी इंजिनिअर आहे, फोटो मोठा करून बघितला. सीट वर केली आहे. टेप वर सरकली आहे आणि तिच्याखाली चार बोटं लख्ख दांडी दिसते.

माझं जहाज घरासमोरून जातं तेव्हा त्याची दुर्बीण. वाळवंटाचं स्वप्न माझं आणि नकाशा त्याचा. आता सायकलही त्याची. पुढे काय? माझं बेडोकचं मटण घेण्याचं दुकान दाखवलंस का त्याला? सोफ्याच्या कोणत्या कोपऱ्यात मी बसतो ते?

जेवण जात नाही. कूक बिचारा विचारतो, साब, नमक ज्यादा है क्या.

संग्राम


२ ऑक्टोबर २०२४

अहो,

त्यांच्या सायकलची फ्रेम तडकली. नवीन यायला दोन महिने लागतील. तुमची भिंतीला टेकून उभी होती, दिली. मी तुम्हाला विचारायला हवं होतं, ते कबूल. पण ती सायकल आहे, माझं मंगळसूत्र नव्हे.

सोफ्याच्या कोपऱ्यात सध्या चैत्रालीच्या पुस्तकांचा ढीग आहे. तिथे कोणीच बसू शकत नाही.

डिसेंबरमध्ये या म्हणजे झालं. चिडलेले असाल तरी या.

रश्मी


१९ नोव्हेंबर २०२४

रश्मी,

दिवाळीला दोनच ओळी लिहिल्या, त्याबद्दल माफ कर. काम होतं.

सांगायला वाईट वाटतं, पण डिसेंबरचं जमत नाही. विश्वास येत नाहीये, कंपनीकडे दुसरा माणूस नाही, मला फेब्रुवारीपर्यंत थांबावं लागेल. आपल्या धंद्यात हे चालायचंच. तू मात्र जा. पैसे फुकट जायला नकोत. जोडीला माणूस आहेच.

आमच्यात चार्ज सोडताना नवीन माणसाला हँडिंग ओव्हर नोट्स लिहून द्यायची पद्धत आहे, तुला ठाऊक आहे. कुठला पंप गळतो, कुठला गेज खोटं बोलतो ते सगळं. सारंगरावांसाठी खाली लिहितो, त्यांना वाचून दाखव.

डावा गुडघा थंडीत कुरकुरतो, सकाळी थोडा वेळ चालवून मग चढाला घ्यावं. उतारावर घाबरून पुढचाच ब्रेक दाबते, सवय मोडलेली नाही, मागे राहून ओरडत राहावं. बाराच्या आत खायला दिलं नाही तर कोणाचंही ऐकत नाही. केळं देऊ नये, वासाने मळमळतं. चढावर एकदम गप्प झाली तर ती दमलेली नसते, चिडलेली असते, त्या वेळी जवळ जाऊ नये. बाकी यंत्र उत्तम स्थितीत आहे. सोडणाऱ्याने नीट वापरलं होतं.

सही करून एक प्रत परत पाठवावी.

संग्राम


बेडोक
२४ नोव्हेंबर २०२४

संग्राम,

आज मी तुला अरे-तुरे करणार आहे. तुझ्या आईने लग्नात बजावलं होतं म्हणून इतकी वर्षं अहो म्हणत आले. अहो म्हणून हे पत्र लिहिता येत नाही.

काल विश्वासच्या सुलेखाचा चिंचवडहून फोन आला. "रश्मीताई, यांची बॅग भरून दारात ठेवली होती, सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले होते. आता कंपनी म्हणते, चीफसाहेबांनीच कळवलंय, मला अजून दोन महिने राहायचंय. आम्हाला काय, घरी राहायला मिळालं तर हवंच आहे. पण घरी सगळं ठीक आहे ना हो?"

घरी सगळं ठीक आहे ना हो! हे मला परक्या बाईकडून ऐकावं लागलं. मी म्हणाले, हो, यांना जहाज फार आवडतं.

म्हणजे तू मागून घेतलंस. शाळेतली पोरं डबा पालथा करून उपाशी बसतात, तसं. आणि दोष विश्वासवर टाकलास, जो बिचारा बूट घालून तयार होता. मला सोडायला कोणी सांगितलं नव्हतं, तूच सोडलंस, वर नोट्स पाठवतोस?

आता त्या नोट्सचं. तूच मला दहा वेळा सांगितलं आहेस की चांगला इंजिनिअर दुसऱ्याच्या नोट्सवर डोळे मिटून सही करत नाही, आधी इंजिनरूममध्ये स्वतः फिरून येतो. मी फिरून आले. डावा नव्हे, उजवा गुडघा. दोन वर्षं झाली, तू जपानच्या फेऱ्यात होतास, बेडोकच्या पॉलिक्लिनिकमध्ये मी एकटी रांगेत बसत होते. ब्रेक दोन्ही दाबते, आधी मागचा. केळं खाते, रोज दोन, दुसरं काही इतकं पटकन पोटात जात नाही. आणि चढावर मी गप्प असते ती चिडून नाही. मला तिथे छान वाटतं. कोणी ओरडत नसतं, माझा श्वास मला ऐकू येत असतो. हे तुला माहीत नाही, कारण तू कायम पुढे गेलेला असायचास.

तुझ्या नोट्स कुठल्या तरी जुन्या जहाजाच्या आहेत. मी सही करत नाही.

सारंगला मी काही वाचून दाखवलं नाही. मला लाज वाटली, माझी नव्हे, तुझी. त्यांना फक्त म्हणाले, संग्राम येत नाहीये. ते म्हणाले, अरे, मग तुमची जोडी कोणाशी लावायची?

रश्मी


२७ नोव्हेंबर २०२४

रश्मी,

कंपनीला फोन केला. मला डिसेंबरमध्येच घरी जाऊ द्या म्हणालो. ते हसले. आता तारीख माझ्या हातात नाही. जहाज पंचवीस डिसेंबरला सोहारला लागेल, विश्वास तिथेच चढेल. तुम्ही चोवीसला निघता. एका दिवसाने चुकलो.

तेव्हा जोडी सारंगशी लाव. हे वाक्य लिहायला अख्खी दुपार गेली, ते तसंच राहू दे. सायकलही त्यांनाच चालवू दे. टेप काढून टाका म्हणावं.

मी जळलो ग. अजून जळतोय. तो उंच आहे, तुझ्याशी हसतो, त्याचंही वाईट वाटतं, पण ते सोसलं असतं. तो वर थांबतो हे नाही सोसवत. ते मला कधी सुचलंच नाही. मला वाटायचं, बायकोला वर पोचून दाखवायचं असतं.

उजवा गुडघा. लिहून ठेवला.

संग्राम


सोहार
२५ डिसेंबर २०२४, सकाळ

रश्मी,

पहाटे धक्क्याला लागलो. विश्वास चढला, त्याने लाडू दिले, मला खाववेनात. आम्ही दोघं मिळून सगळी इंजिनरूम फिरलो. यावेळी नोट्स लिहिताना प्रत्येक व्हॉल्व्हला हात लावून मगच लिहिलं.

मधेच वर गेलो होतो. दुर्बीण लावली. डोंगर तेच, समोर. तू कुठेतरी त्यात आहेस. एवढ्या लांबून माणूस दिसत नाही हे मला कळतं, तरी बराच वेळ बघत होतो. वर कुठल्या तरी चढावर तो उभा असेल, बाटली पुढे करून. मी खाली, समुद्रात. ज्या बाजूने बघायचं ठरवलं होतं ती बाजू तुला मिळाली आणि मी जिथे होतो तिथेच आहे.

संध्याकाळपर्यंत माझी सही होईल. तुमचा एक दिवस उरतो. येऊ का? अंगात जोर नाही, जिमची सायकल सप्टेंबरपासून शिवलेली नाही. नको म्हणालीस तर सोहारला हॉटेलात थांबेन आणि तुम्ही खाली उतराल तेव्हा रस्त्याच्या कडेला उभा राहीन. कोणी तरी कोणाची तरी वाट बघायला शिकलं पाहिजे.

संग्राम


दुसरा मुक्काम
२५ डिसेंबर २०२४, दुपार

संग्राम,

अरे-तुरेची सवय झाली आता, परत अहो होणार नाही. आईंना मी सांभाळीन.

मुक्कामाला आज लवकर पोचलो. इथल्या वळणावर फोनला रेंज येते म्हणून तुझं पत्र मिळालं. ड्रायव्हरला जीप घेऊन सोहारला पाठवतेय, तुला आणायला. गेटपाशी उभा राहा.

काल कोरड्या नदीत सारंगची सायकल वाळूत रुतली. ते जड आहेत, ढकलत राहिले. मी हलकी, मी निघून गेले. वर पोचले आणि पाय टेकवून उभी राहिले, कारण जोडी होती, नियम होता. खूप वेळ उभी होते. ऊन असं की हेल्मेटला हात लावून बघितला तर चटका बसला. ते खालून येताना दिसत होते, इतके दमलेले, आणि मी बाटली काढून हातात धरून ठेवली होती. तेव्हा मला तुझी आठवण आली. थांबायला बरं वाटतं रे. तुला कधी हे करून बघता आलं नाही, याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

आता तुझ्या सायकलचं. सारंगची नवी फ्रेम विमानात बसायच्या आठवडाभर आधी आली. तुझी मी तरी घेऊन आले. सगळे मला वेडी म्हणाले. दोन दिवस ती जीपच्या टपावर बसून फिरतेय, एकटी. काल संध्याकाळी मी पाना घेतला आणि सीट खाली केली. टेप काढलेली नव्हती. सारंगना विचारलं तर म्हणाले, "ती त्यांची खूण आहे ना, मी तिच्यापासून चार बोटं मोजून वर घ्यायचो." म्हणून मला बरोबर जागा सापडली.

तुला त्यांचा राग येत राहील, तो येऊ दे. मला त्यांचं थांबणं आवडत राहील. त्याला माझा इलाज नाही.

उद्या शेवटचा चढ. जोडी तुझी-माझी लावून घेतली आहे. तू मागे राहणार, हे आत्ताच सांगते. लाज वाटून घेऊ नकोस, उतरून ढकललंस तरी चालेल. दोन केळी तुझ्यासाठी ठेवली आहेत.

सारंगना सांगितलंय, उद्या खिंडीत आमच्यासाठी थांबू नका, तुम्ही पुढे व्हा. मी थांबेन.

रश्मी